विश्लेषण : बीएस्सी गणित म्हणजे नेमके काय शिकायचे? बारावीच्या गणितापेक्षा ते वेगळे कसे?

बारावीचा निकाल लागला, की अनेक घरांत एक ठरलेला संवाद होतो. गणितात गुण उत्तम आहेत, जेईईचा क्रमांक मात्र मनासारखा नाही. ‘मग बीएस्सी मॅथ्स कर, तुझे गणित चांगलेच आहे,’ असे मामा किंवा क्लासचे सर सुचवतात. त्यावर वडिलांचा प्रश्न येतो, ‘पण त्याला स्कोप काय?’

सुचवणारा आणि विचारणारा, दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात. पदवीचे गणित म्हणजे बारावीचेच गणित, फक्त थोडे अवघड, असे दोघांनाही वाटते. प्रत्यक्षात पहिल्याच सत्रात विषयाचा चेहरा बदलतो. तो बदल आवडला, तर ही पदवी अनेक दारे उघडते. नाही आवडला, तर बारावीला ९५ गुण असलेला विद्यार्थीही प्रथम वर्षालाच कंटाळतो. त्यामुळे स्कोपच्या प्रश्नाआधी, तिथे नेमके काय शिकवतात हे समजून घेणे गरजेचे आहे.

थोडक्यात

• बारावीच्या गणितात भर उत्तर काढण्यावर असतो, पदवीच्या गणितात ते उत्तर का बरोबर आहे हे सिद्ध करण्यावर.
• ‘बीएस्सी गणित’ हे नाव सारखे असले, तरी संस्थेनुसार अभ्यासाची खोली खूप बदलते.
• राज्यात आता तीन आणि चार वर्षांच्या पदवीचा पर्याय आहे. मेजरसोबतचा मायनर विषय विचारपूर्वक निवडावा लागतो.
• फक्त पदवीवर नोकरीच्या संधी मर्यादित आहेत. गणितासोबत संख्याशास्त्र, कोडिंग किंवा पदव्युत्तर शिक्षण जोडले, तर त्या वाढतात.

बारावीच्या गणितापेक्षा फरक काय?

जेईई मेनच्या पेपरमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न सोडवायचे असतात, त्यात गणिताचे २५. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी अडीच मिनिटेही मिळत नाहीत. सूत्र आठवणे, प्रश्नाचा प्रकार ओळखणे आणि वेगाने आकडेमोड करणे, हे तिथले कौशल्य. बोर्डाच्या परीक्षेत वेग कमी चालतो, पण पद्धत तीच. इंटिग्रेशनचे उदाहरण आले, की कोणती युक्ती लावायची हे सरावाने कळते.

पदवीला प्रश्नाचा सूर बदलतो. ‘किंमत काढा’ हे शब्द कमी होतात आणि ‘सिद्ध करा’, ‘असे नेहमीच होते का?’, ‘नसेल तर उदाहरण द्या’ हे शब्द वाढतात. एका प्रश्नावर अर्धा तास किंवा दोन दिवसही जाऊ शकतात. उत्तर एका ओळीचे असते आणि त्याचे कारण पानभर.

हा फरक पाहण्यासाठी आपल्याच मातीतले एक उदाहरण घेऊ.

कापरेकरांचा ६१७४ काय सांगतो?

डहाणूत जन्मलेले द. रा. कापरेकर यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि नाशिकजवळच्या देवळालीत आयुष्यभर शाळेत शिकवले. त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करा.

१२३४ पासून सुरुवात करू.
४३२१ − १२३४ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही वेळा केले, तरी ६१७४ च येते. दुसरी कोणतीही संख्या घेतली, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण इथेच पोहोचतो.

शालेय गणितात गंमत इथे संपते. पदवीच्या गणितात ती इथे सुरू होते. वरची उत्तरे पुन्हा पाहा : ३०८७, ८३५२, ६१७४. तिन्ही संख्यांना ९ ने भाग जातो. हा योगायोग आहे, की नेहमीच होणार?

दहा-वीस संख्या तपासल्या तर विश्वास वाढतो, पण सिद्धता होत नाही. सिद्धता अशी : कोणत्याही संख्येत हजाराच्या जागचा अंक १००० पट मोजला जातो. १००० म्हणजे ९९९ अधिक १. तसेच १०० म्हणजे ९९ अधिक १ आणि १० म्हणजे ९ अधिक १. ९९९, ९९ आणि ९ यांना ९ ने भाग जातो. म्हणून कोणत्याही संख्येला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी तिच्या अंकांच्या बेरजेइतकीच असते, म्हणजे ती बेरीज ९ ने भागल्यावर जी उरते तीच. आपल्या दोन्ही संख्यांत अंक तेच आहेत, फक्त क्रम वेगळा. म्हणजे दोघींची बाकी सारखी. वजाबाकी केली, की ती बाकी निघून जाते आणि उत्तराला ९ ने भाग जातो. नेहमीच.

एकही नवी संख्या न तपासता आपण सगळ्या चार अंकी संख्यांबद्दल खात्रीने बोललो. इतकेच नाही, तर पाच किंवा पन्नास अंकी संख्येलाही हाच युक्तिवाद लागू पडतो. पदवीच्या तीन-चार वर्षांत प्रामुख्याने हेच काम चालते, फक्त वस्तू अधिक अमूर्त होत जातात.

तीन वर्षांत कोणते विषय असतात?

विद्यापीठानुसार नावे आणि क्रम बदलतात. तरी गाभा साधारण सारखा असतो. पहिल्या वर्षी कॅल्क्युलस आणि अल्जिब्रा, पण नव्या रूपात. दुसऱ्या वर्षी लिनिअर अल्जिब्रा, अनेक चलांचे कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स. तिसऱ्या वर्षी रिअल आणि कॉम्प्लेक्स ॲनालिसिस, ग्रुप आणि रिंग थिअरी, मेट्रिक स्पेसेस. सोबत नंबर थिअरी, ग्राफ थिअरी, न्यूमरिकल मेथड्स, लिनिअर प्रोग्रॅमिंग असे निवडीचे विषय.

नावे वाचून काही कळत नाही, म्हणून एकच प्रश्न घेऊ. क्षचा वर्ग वजा २ ही राशी घ्या. क्ष १ असेल तर उत्तर उणे १ येते. क्ष २ असेल तर अधिक २. म्हणजे १ आणि २ यांच्या दरम्यान कुठेतरी उत्तर शून्य व्हायलाच हवे. आलेख रेषेच्या खालून वर जातोय, तर रेषा ओलांडणारच. बारावीत इथे कोणी शंका घेत नाही.

आता समजा, आपल्याकडे फक्त अपूर्णांकात लिहिता येणाऱ्या, म्हणजे परिमेय संख्याच आहेत. तर ज्या बिंदूवर उत्तर शून्य होते, तो २ चे वर्गमूळ हा बिंदू त्यांत नाहीच, कारण ती अपरिमेय संख्या आहे. म्हणजे आलेख खालून वर जातो, पण रेषेला कुठेच शिकत नाही! परिमेय संख्यांच्या रेषेत अशी असंख्य छिद्रे आहेत. वास्तव संख्यांच्या रेषेत ती नाहीत. ‘छिद्रे नाहीत’ हे नेमक्या शब्दांत कसे मांडायचे आणि त्यावर सगळे कॅल्क्युलस पुन्हा कसे उभे करायचे, हा रिअल ॲनालिसिसचा विषय.

अभियांत्रिकी केलेल्यांना हा फरक लगेच कळेल. एम-१ ते एम-४ या पेपरांत लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि फुरिए सिरीज असतात, पण त्या कशा वापरायच्या यावर भर असतो. ती सिरीज मूळ फलनापर्यंत कधी पोहोचते आणि कधी पोहोचत नाही, हा प्रश्न अभियांत्रिकीत सहसा विचारला जात नाही. गणिताच्या पदवीत तोच मुख्य प्रश्न असतो.

पहिल्याच वर्षी मुले अडखळतात कुठे?

सर्वात मोठा अडसर आकडेमोडीचा नसून भाषेचा आहे. इथे भाषा म्हणजे केवळ इंग्रजी नव्हे, वाक्याची बांधणी.

ही दोन वाक्ये पाहा. ‘प्रत्येक कुलपासाठी एक किल्ली आहे.’ ‘एक किल्ली अशी आहे, की तिने प्रत्येक कुलूप उघडते.’ शब्द जवळपास तेच, पण अर्थात जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात दहा कुलपांना दहा किल्ल्या असू शकतात. दुसऱ्यात एकच किल्ली सगळ्यांना चालते. प्रथम आणि द्वितीय वर्षात येणाऱ्या एप्सिलॉन-डेल्टाच्या व्याख्या नेमक्या अशाच असतात. ‘प्रत्येकासाठी’ आधी येते की ‘असा एक आहे’ आधी येते, यावर पूर्ण प्रमेय उलटते.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना इथे दुहेरी ओझे वाटते. पण हा तर्क मराठीतून समजून घेऊन मग इंग्रजीत लिहिणे पूर्ण शक्य आहे. कुलूप-किल्लीचा फरक ज्याला मराठीत कळला, त्याला तो इंग्रजीतही कळतो. व्याख्या आधी स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहून पाहणे, हा त्यावरचा साधा आणि उपयोगी मार्ग आहे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. अनेक ठिकाणी परीक्षेत पुस्तकातली प्रमेयेच विचारली जातात. ती पाठ करून लिहिली, की प्रथम श्रेणी मिळते. पण त्या विद्यार्थ्याने तीन वर्षांत स्वतःची एकही सिद्धता लिहिलेली नसते. हे उघडे पडते ते पदवीनंतर, एखाद्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेत, जिथे प्रश्न ओळखीचे नसतात. गुणपत्रिका आणि प्रत्यक्ष गणित यांतली ही दरी ओळखणे, हे या पदवीतले सर्वात महत्त्वाचे काम म्हणता येईल. त्यासाठी सोपी कसोटी आहे. प्रमेयातील एखादी अट काढून टाका आणि विचारा, आता ते का मोडते? उत्तर देता आले तर प्रमेय समजले. नाही आले तर ते फक्त पाठ झाले आहे.

चार वर्षांच्या पदवीने काय बदलले?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची रचना बदलली. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तीन वर्षांनी नेहमीची पदवी मिळते, चार वर्षे केली तर ऑनर्स. ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हवे असेल, तर यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. चार वर्षांनंतर पदव्युत्तर पदवी एका वर्षात पूर्ण करता येते.

विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली, नव्या रचनेत मेजरसोबत मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य विषय, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली असे बरेच काही असते. एका सत्रातील साधारण २० ते २२ श्रेयांकांपैकी पहिल्या वर्षी मुख्य विषयाचा वाटा मर्यादित असतो. म्हणजे वर्गात शिकवले जाणारे गणित सुरुवातीला कमी आहे. स्वतःचा अभ्यास वाढवल्याशिवाय तिसऱ्या वर्षीचे विषय पेलत नाहीत.

दुसरी, मायनर हा नुसता भरतीचा विषय नाही. संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र मायनर घेतलेल्या विद्यार्थ्याचे पुढचे पर्याय बरेच रुंदावतात. उदाहरणार्थ, केंद्राच्या भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेसाठी पदवीत संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो. केवळ गणिताच्या पदवीवर अर्ज करता येत नाही. हे तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नसतो.

कुठे शिकता येते आणि प्रवेश कसा?

*राज्यातील महाविद्यालये :* पारंपरिक बीएस्सीसाठी राज्यात स्वतंत्र सीईटी नाही. प्रवेश प्रामुख्याने बारावीच्या गुणांवर होतो आणि बारावीला गणित असणे आवश्यक असते. अनुदानित महाविद्यालयांत शुल्क अभियांत्रिकीच्या तुलनेत बरेच कमी असते.

*आयएसआय आणि सीएमआय :* भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बेंगळुरू केंद्रात बी. मॅथ आणि कोलकात्यात बी. स्टॅट हे अभ्यासक्रम चालतात. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित आणि संगणकशास्त्र असा एकत्र बीएस्सी ऑनर्स आहे. दोन्हींच्या प्रवेश परीक्षा स्वतंत्र असतात आणि साधारण मे महिन्यात होतात. त्यांत पर्याय निवडण्याबरोबरच सिद्धता लिहाव्या लागतात. आयएसआयच्या वर्णनात्मक पेपरमध्ये गेल्या काही वर्षांत दोन तासांत आठ प्रश्न असतात. जेईईच्या वेगाशी तुलना केली, तर इथे काय तपासले जाते हे लक्षात येते.

*आयसर आणि नायसर :* पुण्यासह देशातील आयसर संस्थांत पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. प्रवेश ‘आयएटी’ या परीक्षेतून होतो. तिच्या ६० प्रश्नांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्राचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. बारावीला जीवशास्त्र सोडलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. भुवनेश्वरच्या नायसरसाठी ‘नेस्ट’ परीक्षा द्यावी लागते.

*आयआयटी :* आयआयटी मुंबईत गणितात चार वर्षांची बीएस पदवी आहे. प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डमधून.

शिष्यवृत्तीचा पर्यायही आहे. केंद्राच्या ‘इन्स्पायर’ योजनेत बोर्डाच्या परीक्षेत अव्वल एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान किंवा गणित निवडलेल्या विद्यार्थ्यांना वर्षाला ८० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. अर्ज करण्याआधी त्या वर्षीचे निकष आणि मुदत अधिकृत संकेतस्थळावर पाहावी.

‘मॅथ्स अँड कॉम्प्युटिंग’ बीटेक म्हणजे हेच का?

नाही. अनेक आयआयटींत आणि बेंगळुरूच्या आयआयएस्सीत मॅथेमॅटिक्स अँड कॉम्प्युटिंग ही बीटेक शाखा आहे. तिथे लिनिअर अल्जिब्रा, प्रॉबॅबिलिटी, ऑप्टिमायझेशन यांच्या जोडीला अल्गोरिदम आणि प्रोग्रॅमिंगचा मोठा भाग असतो. कॅम्पस प्लेसमेंट हाही उद्देश असतो. गणिताची ओढ आहे, पण पदवी संपताच नोकरी हवी, अशांसाठी ती शाखा योग्य. गणितासाठीच गणित शिकायचे असेल, तर बीएस्सी, बी. मॅथ किंवा बीएस हा मार्ग सरळ.

साध्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, तर संधी हुकली का?

नाही, पण वर्गाबाहेरचे दरवाजे वेळेत ठोठवावे लागतात. आणि हे दरवाजे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना फार लांब नाहीत.

‘एमटीटीएस’ म्हणजे मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च हा उन्हाळी कार्यक्रम १९९३ मध्ये सुरू झाला. त्याचे संस्थापक प्रा. एस. कुमारेसन. पदवीच्या विद्यार्थ्यांना काही आठवडे एकत्र ठेवून, व्याख्यान देण्याऐवजी प्रश्न विचारत शिकवणे ही त्याची पद्धत. ‘हे उघड आहे’ असे म्हणणाऱ्याला तिथे ‘मग सिद्ध करून दाखव’ असे उत्तर मिळते. गावाकडच्या महाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थ्याला इथे पहिल्यांदा कळते, की प्रश्न विचारणे म्हणजे अज्ञान उघडे करणे नव्हे.

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची माधव गणित स्पर्धा पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचा गणित विभाग आणि मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून घेतात. तिचे जुने पेपर सोडवणे हा स्वतःची पातळी जोखण्याचा चांगला मार्ग आहे. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान शाळेपासूनच्या विद्यार्थ्यांसाठी ऑलिंपियाडचे मार्गदर्शन करत आले आहे. एनपीटीईएल आणि स्वयंवर आयआयटीतील प्राध्यापकांची व्याख्याने मोफत पाहता येतात.

तिसऱ्या वर्षी ‘जॅम’ ही परीक्षा देता येते. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. त्यातून आयआयटींत गणिताच्या एमएस्सीला प्रवेश मिळतो. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पदवीनंतर थेट एकात्मिक पीएचडीसाठी अर्ज करता येतो. म्हणजे तालुक्याच्या महाविद्यालयातून सुरू झालेला प्रवास पवई किंवा कुलाब्यापर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी तयारी मात्र दुसऱ्या वर्षापासूनच करावी लागते.

नोकरीचे काय?

इथे गोड बोलण्यापेक्षा स्पष्ट बोललेले बरे. फक्त तीन वर्षांची पदवी, सोबत दुसरे कोणतेही कौशल्य नाही, अशा स्थितीत थेट चांगल्या पगाराची नोकरी मिळणे अवघड आहे. गणिताची पदवी पाया घालते. त्यावर मजला कोणता चढवायचा, हे स्वतः ठरवावे लागते.

*शिक्षण क्षेत्र :* माध्यमिक शाळेसाठी बीएड आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी एमएस्सी, बीएड लागते. भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलची प्रक्रिया असते. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एमएस्सीनंतर नेट किंवा सेट. राज्यात प्राध्यापक भरती वर्षानुवर्षे रखडत आली आहे आणि पात्रताधारक तासिका तत्त्वावर काम करताना दिसतात. हा मार्ग निवडताना या वास्तवाचा विचार हवा.

*संशोधन :* सीएसआयआर-नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. हा दर जानेवारी २०२३ पासूनचा आहे. अणुऊर्जा विभागाअंतर्गत १९८३ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळही शिष्यवृत्त्या देते. रस्ता लांबचा आहे. पदवी, एमएस्सी आणि पीएचडी मिळून दहा वर्षे सहज जातात.

*डेटा आणि वित्त :* मशीन लर्निंगचा पाया लिनिअर अल्जिब्रा, प्रॉबॅबिलिटी आणि कॅल्क्युलसवर उभा आहे. ऑनलाइन व्यवहारांच्या सुरक्षेत वापरली गेलेली, १९७७ मध्ये मांडलेली आरएसए पद्धत मूळ संख्यांच्या गणितावर चालते. त्यामुळे गणिताच्या पदवीधराला इथे जागा आहे. पण मुलाखतीत विचारले जाते ते पायथॉन, एसक्यूएल आणि संख्याशास्त्र. ते स्वतः शिकावे लागते किंवा डेटा सायन्स, संख्याशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करावा लागतो.

*ॲक्च्युअरी :* विमा आणि पेन्शनमधील जोखीम मोजण्याचे हे काम. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा देऊन पदवी शिकतानाच सुरुवात करता येते. परीक्षांची मालिका मोठी आणि कठीण आहे.

*स्पर्धा परीक्षा आणि इतर पदव्या :* यूपीएससी मुख्य परीक्षेत गणित हा वैकल्पिक विषय घेता येतो. त्याचे प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात. एमसीए आणि एमबीएची दारेही खुली आहेत.

निर्णय घेण्याआधी स्वतःला कसे तपासावे?

बारावीचे गुण इथे फारसे सांगत नाहीत. त्याऐवजी पुढचे तीन प्रश्न वहीत उतरवून घ्या. मोबाइल बाजूला ठेवा. उत्तर शोधायचे नाही, चॅटबॉटला विचारायचे नाही. दोन दिवस द्या.

१. कोणतीही पूर्ण संख्या घ्या. तिच्या घनातून ती संख्या वजा करा. उत्तराला नेहमी ६ ने भाग जातो. का?

२. बुद्धिबळाच्या पटाचे समोरासमोरचे, म्हणजे कर्णाच्या टोकांचे दोन कोपरे कापले. उरली ६२ घरे. एका वेळी शेजारची दोन घरे झाकणाऱ्या ३१ पट्ट्यांनी हा पट पूर्ण झाकता येईल का? येत असेल तर कसा, नसेल तर का नाही?

३. सहा जण एका लग्नात भेटले. त्यांत एकमेकांना ओळखणारे तिघे, किंवा एकमेकांना अजिबात न ओळखणारे तिघे नक्की सापडतात. का?

तिन्हींना बारावीचे एकही सूत्र लागत नाही. ते सुटले की नाही, याला फार महत्त्व नाही. पहिल्या तासात न सुटलेला प्रश्न संध्याकाळी चहा पिताना पुन्हा आठवला का? ‘बहुतेक असेच असेल’ यावर समाधान झाले, की पक्के कारण मिळेपर्यंत चैन पडली नाही? उत्तर कळल्यावर ते धाकट्या भावंडाला समजावून सांगावेसे वाटले का?

या प्रश्नांना ‘हो’ असेल, तर ही पदवी गांभीर्याने विचारात घ्यावी, जेईईत क्रमांक कितीही असो. ‘नाही’ असेल, तरी त्यात कमीपणा नाही. आकडेमोडीचा वेग आणि वापरण्यापुरते गणित यांची गरज अभियांत्रिकी, संगणक, वाणिज्य आणि अर्थशास्त्रात मोठी आहे आणि तिथे त्याचे चीजही होते. पण ‘दुसरे काही मिळाले नाही म्हणून’ किंवा ‘पुढच्या वर्षी पुन्हा जेईई देईपर्यंत नाव राहावे म्हणून’ गणिताला प्रवेश घेणाऱ्याच्या हाती तीन वर्षांनी फक्त गुणपत्रिका उरण्याची शक्यता अधिक. प्रवेश अर्जात विषयांचा पसंतीक्रम भरण्याआधी हे तीन प्रश्न एकदा सोडवायला बसावे. पालकांनीही सोबत बसायला हरकत नाही.